बायबलमधील व्यक्तींच्या जीवनातून नीतीचे धडे कसे घ्यावेत : नवख्या वाचकांसाठी मार्गदर्शन

मराठवाड्यातील माणसाला थोरांच्या चरित्रातून नीती शिकण्याची सवय नव्याने लावावी लागत नाही. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका आणि पैठणचे नाथमहाराज यांच्या कथा कीर्तनातून ऐकतच येथील पिढ्या वाढल्या. काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा एकदा ऐकली की तिचा बोध वेगळा सांगावा लागत नाही. बायबल प्रथमच हाती घेणारा वाचक, मग तो जालन्यातील जुन्या ख्रिस्ती घराण्यातला तरुण असो की कुतूहलाने वाचू लागलेला शेजारी, हीच अपेक्षा घेऊन येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या कथेतच अडखळतो. येथे याकोब आंधळ्या बापाला फसवतो, ज्याच्या नावाने स्तोत्रे गायिली जातात तो दावीद दुसऱ्याची पत्नी आणवून घेतो आणि तिच्या नवऱ्याला युद्धात मारवतो, तर शिष्यांमध्ये अग्रणी असलेला पेत्र एका दासीच्या प्रश्नाला घाबरून आपण येशूला ओळखतच नाही असे सांगतो.

अशा माणसांकडून नीती शिकता येते, आणि पुष्कळ शिकता येते, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यासाठी बोध काढण्याची घाई सोडावी लागते, त्या माणसाचे आयुष्य पुरते पाहावे लागते आणि त्याच्या कृत्याची किंमत कोणी मोजली हा प्रश्न प्रत्येक कथेला विचारावा लागतो. पुढील पायऱ्या या क्रमाने घेतल्या तर नवख्या वाचकाची वाट बरीच सोपी होईल.

पहिली पायरी : हाताशी काय असावे

प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलमध्ये जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७ अशी ६६ पुस्तके असतात, तर कॅथलिक प्रतीत ती ७३ असतात. व्यक्तींच्या ज्या कथा येथे सांगितल्या आहेत त्या दोन्हींत आहेत, त्यामुळे घरात जी प्रत असेल ती चालेल. शक्य असल्यास एक जुन्या वळणाचे आणि एक सोप्या मराठीतील, अशी दोन भाषांतरे जवळ ठेवावीत, कारण एका भाषांतरात जे वाक्य अडते ते दुसऱ्यात बहुधा सुटते. सोबत एक वही असावी. याहून अधिक साहित्य सुरुवातीला लागत नाही, आणि टीकाग्रंथ तर पहिले काही महिने बाजूलाच ठेवलेले बरे.

दुसरी पायरी : एक व्यक्ती निवडून तिची संपूर्ण हकिकत गोळा करणे

नवख्यांची सर्वांत मोठी अडचण अशी असते की, त्यांना व्यक्ती माहीत असतात त्या एकेका प्रसंगापुरत्या. दावीद म्हटले की त्याने मारलेला धिप्पाड गल्याथ, योना म्हटले की त्याला गिळणारा मासा, आणि मार्था म्हटले की स्वयंपाकघरात धावपळ करणारी बहीण. वास्तविक मार्था लूकच्या १०व्या अध्यायात त्रासलेली दिसते, पण योहानाच्या ११व्या अध्यायात, भाऊ मरण पावल्यावर, तीच पुढे होऊन येशूला गावाबाहेर भेटते आणि त्याच्यावरील विश्वास निःसंदिग्ध शब्दांत बोलून दाखवते. जो केवळ पहिला प्रसंग वाचतो तो मार्थेवर अन्याय करतो.

म्हणून व्यक्ती निवडल्यावर तिचा उल्लेख जेथे जेथे आला आहे ते सर्व अध्याय वहीत क्रमाने लिहून घ्यावेत. योसेफाची कथा उत्पत्तीच्या ३७व्या अध्यायापासून ५०व्या अध्यायापर्यंत चालते. मधला ३८वा अध्याय त्याचा भाऊ यहूदा याचा आहे, तोही वगळू नये. पेत्रासाठी चारही शुभवर्तमाने, प्रेषितांची कृत्ये आणि गलतीकरांस पत्राचा २रा अध्याय पाहावा लागतो. एवढे वाचन एका बैठकीत होत नाही आणि तसे होण्याची गरजही नाही.

तिसरी पायरी : कथा आपल्या शब्दांत मोठ्याने सांगणे

अध्याय वाचून झाला की ग्रंथ मिटावा आणि घरातील कोणाला तरी ती कथा सांगावी. सांगताना जेथे आपण अडखळतो तेथे आपले वाचन कच्चे राहिलेले असते, आणि जेथे आपण भर घालतो तेथे ग्रंथात नसलेले काहीतरी आपल्या मनात आधीपासून बसलेले असते. ही भर ओळखणे फार महत्त्वाचे आहे.

दाविदाने आणवून घेतलेल्या बथशेबेचे उदाहरण घ्या. ती गच्चीवर उघड्यावर न्हात होती, म्हणून राजाचे मन चळले, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. २ शमुवेल ११ काळजीपूर्वक वाचले तर गच्चीवर फिरत होता तो दावीद. ती कोठे न्हात होती हे ग्रंथ सांगत नाही. राजाने निरोप्ये पाठवून तिला आणवले आणि तिला नकार देण्याची मोकळीक होती असे सुचवणारा एकही शब्द तेथे नाही. पुढे नाथान संदेष्टा जो दृष्टांत सांगतो त्यात गरिबाच्या कोकरीकडे कणभरही दोष नाही; सारा दोष ती हिरावून घेणाऱ्या धनवानाकडे आहे. मग शतकानुशतके या बाईच्या माथी जे खापर फोडले गेले ते कोणी फोडले, ग्रंथाने की सांगणाऱ्यांनी? येशूची अनुयायी मग्दालिया मरीया हिच्या बाबतीत हेच झाले. चार शुभवर्तमानांपैकी एकही तिला वेश्या म्हणत नाही, तरी ती तशीच होती असे मानून शेकडो उपदेश झाले आहेत. ज्याला नीती शिकायची आहे त्याने निदान मेलेल्या माणसांची नाहक बदनामी करू नये, म्हणून वहीत दोन रकाने आखावेत. एकात ग्रंथात लिहिलेले उतरावे आणि दुसऱ्यात आपण गृहीत धरलेले.

चौथी पायरी : शेत, पाणी, पैसा आणि कायदा समजून घेणे

या पायरीवर मराठवाड्यातील वाचकाला एक मोठी अनुकूलता आहे. बायबलमधील बहुतेक माणसे कोरडवाहू मुलुखात राहणारी, मेंढरे राखणारी, पावसाकडे डोळे लावून बसणारी आणि दुष्काळ पडला की मुलूख सोडणारी आहेत. रूथच्या पुस्तकाची सुरुवातच बेथलेहेमातील दुष्काळाने आणि पोटासाठी मवाब देशात गेलेल्या कुटुंबाने होते. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर टाकून ऊसतोडीला निघणाऱ्या बीड जिल्ह्यातील माणसांना हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

रूथ या कथेत परमुलखातून आलेली विधवा आहे. नवरा गेला, मूलबाळ नाही, आणि सासू नामी हिच्याबरोबर ती अनोळखी गावात येते. सातूची कापणी चालू असते आणि ती कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला जाते. शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, पडलेली कणसे गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावीत, असा नियम लेवीयच्या १९व्या अध्यायात घालून दिलेला होता. त्यामुळे सरवा वेचणे हा तिचा हक्क होता, भीक नव्हती. शेताचा मालक बवाज त्या नियमाच्या पुढे जातो. मुद्दाम पेंढ्यांतून काही कणसे तिच्यासाठी गळू द्या असे तो गड्यांना सांगतो, दुपारी जेवायला आपल्या माणसांच्या पंक्तीला बसवतो, आणि सायंकाळी झोडपून पाहिल्यावर तिच्याजवळ सुमारे एक एफा, म्हणजे पायलीच्या हिशेबाने कित्येक पायल्या, सातू निघतात. आपले पोट भरल्यावर उरलेले अन्न तिने सासूसाठी बांधून आणलेले असते.

अंबड तालुक्यातील एका वस्तीवर हा अध्याय वाचला जात असताना, कापूस वेचणीत सारी हयात घालवलेल्या एका मावशींनी मध्येच थांबवून सांगितले, “आधी त्यानं पोरांना दम दिला, तिच्या वाटंला जायचं न्हाई म्हणून. त्याच्यामुळं तर ती दिवसभर बिनघोर वेचली.” रूथ २ मध्ये हे खरोखरच आहे, आणि शिकलेल्या वाचकांच्या नजरेतून ते हमखास निसटते. बवाजाचा दयाळूपणा सगळेच पाहतात. मावशींनी पाहिले ते हे की, परक्या मजूर बाईला धान्याच्या आधी निर्धास्तपणा लागतो आणि तो देणे मालकाच्या हाती असते. ज्याच्या शेतात, वीटभट्टीवर किंवा दुकानात बायका कामाला येतात त्याला या कथेतून काय करायचे ते निराळे सांगण्याची गरज नाही.

पाचवी पायरी : किंमत कोणी मोजली हे विचारणे

ही पायरी सर्वांत कठीण आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

उत्पत्तीच्या २६व्या अध्यायात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. बापाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाक त्या पुन्हा उपसतो. नवी विहीर खणली की स्थानिक गुराखी पाणी आमचे म्हणून भांडायला येतात. तो ती सोडून पुढे जातो, दुसरी खणतो, तेथेही तंटा होतो, तीही सोडतो, आणि तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडत नाही म्हणून तिला रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, असे नाव देतो. ज्या भागात विहिरीच्या पाळीवरून आणि हातभर बांधावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे तहसील आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तेथे ही कथा मनाला फार भिडते आणि तिचा बोधही तयारच असतो: भांडू नये, सोडून द्यावे, देव दुसरीकडे जागा करून देईल.

आता १ राजेचा २१वा अध्याय उघडावा. इज्रेल येथील नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाने त्याला त्याहून चांगला मळा किंवा रोख पैसे देऊ केले. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास साफ नकार दिला. मग ईजबेल राणीने राजाच्या नावाने, त्याची मोहर लावून, नगरातील वडीलधाऱ्यांना पत्रे पाठवली. दोन खोटे साक्षीदार उभे केले गेले. नाबोथावर देवनिंदेचा व राजद्रोहाचा आरोप ठेवून त्याला दगडमार करून ठार केले आणि राजा मळा ताब्यात घ्यायला गेला. तेथे एलीया संदेष्टा त्याला आडवा येतो. नाबोथाने सोडून द्यायला हवे होते असे एलीया म्हणत नाही. तो राजालाच खुनी व लुटारू ठरवतो.

या दोन कथा शेजारी शेजारी ठेवल्या की पहिल्या कथेचा तयार बोध डळमळू लागतो. इसहाकाजवळ गुरे, मेंढरे आणि नव्या विहिरी खणायला पुष्कळ नोकर होते. सोडून देणे त्याला परवडत होते, आणि त्या सोडण्याची किंमत त्याने स्वतः मोजली. नाबोथाच्या बाबतीत ग्रंथ एकाच मळ्याचा उल्लेख करतो, आणि तोही वाडवडिलांचा. ज्याचा अर्धा एकर दांडगाईने दाबला गेला आहे अशा अल्पभूधारकाला किंवा वाटणीत जिचे नाव गाळले गेले अशा बहिणीला इसहाकाचे उदाहरण ऐकवून गप्प बसवणे म्हणजे अहाबाचे काम सोपे करणे होय. इसहाकाची कथा ज्याच्या हाती जास्त आहे त्याने स्वतःला सांगावी. कमी असलेल्याला दुसऱ्या कोणी ती सुनावू नये. नाबोथाच्या कथेत आणखी एक गट असतो, ज्याच्याकडे क्वचितच लक्ष जाते: आलेले पत्र वाचून, सारे समजून, सांगितले तसे करणारे नगरातील वडीलधारे. गावपातळीवर पंच, सदस्य, पुढारी म्हणून वावरणाऱ्या वाचकाने स्वतःला या कथेत प्रथम तेथे शोधावे.

योसेफालाही हाच प्रश्न विचारावा. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवून त्याने दुष्काळाच्या सात वर्षांत मिसर देश जगवला, आणि भावांना क्षमा केली, हे सर्वांना ठाऊक असते. उत्पत्ती ४७ मात्र फारसे कोणी वाचत नाही. तेथे लोक धान्यासाठी आधी पैसा देतात, मग गुरेढोरे, मग जमिनी, आणि शेवटी स्वतःला फारोचे, म्हणजे मिसरच्या राजाचे, दास म्हणून देतात. पुजाऱ्यांच्या जमिनी तेवढ्या सुटतात. १९७२चा दुष्काळ पाहिलेली, खडी फोडलेली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढलेली वडीलधारी माणसे आजही मराठवाड्यातील घराघरांत आहेत. त्यांना हा अध्याय वाचून दाखवा आणि त्यांचे म्हणणे ऐका. योसेफाने जीव वाचवले हे खरे आहे आणि त्याच्या हातून एका सबंध देशातील शेतकरी भूमिहीन झाला हेही खरे आहे. दोन्ही वहीत लिहावे, एकाने दुसरे खोडू नये.

सहावी पायरी : ग्रंथाचा निवाडा कोठे आहे ते पाहणे

बायबलमधील कथनकार फार कमी वेळा आपला निर्णय उघड सांगतो. दाविदाच्या कृत्याविषयी २ शमुवेल ११च्या अखेरीस तो स्पष्ट लिहितो की, हे कृत्य परमेश्वराला वाईट वाटले. इतरत्र तो गप्प राहतो आणि निवाडा घटनांच्या जुळणीतून दाखवतो. याकोबाने भावाची वस्त्रे अंगावर घालून आणि हातांना करडांची कातडी गुंडाळून बापाला फसवले. पुढे कित्येक वर्षांनी त्याचेच मुलगे योसेफाचा झगा करडाच्या रक्तात बुडवून त्याला दाखवतात आणि तो फसतो. मध्ये एकही वाक्य टिप्पणीचे नाही, तरी वस्त्र आणि करडू पुन्हा आले की सावध वाचक चपापतो. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १९व्या शतकात जे बेथेल गाव वसवले त्याचे नाव याच याकोबाच्या कथेतून आलेले आहे. भावाच्या भीतीने पळताना तो उशाला धोंडा घेऊन जेथे निजला, ते ठिकाण बेथेल. देवाने त्याला तेथे आशीर्वाद दिला, पण फसवणुकीची फळे टाळली नाहीत.

पेत्राच्या बाबतीतही अशीच जुळणी आहे. योहान १८ मध्ये महायाजकाच्या वाड्यात, जेथे कोळशाचा विस्तव पेटलेला असतो, तो तीनदा गुरूला नाकारतो; योहान २१ मध्ये तळ्याकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला असतो, आणि येशू त्याला ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे तीनदा विचारून पुन्हा कामावर लावतो. विस्तव आणि तीन हा आकडा यांकडे लक्ष गेले नाही तर क्षमा म्हणजे झाले गेले विसरणे एवढाच अर्थ हाती लागतो. येथे पेत्राला त्याची चूक पुन्हा आठवावी लागते, आणि मगच जबाबदारी मिळते.

सातवी पायरी : नाव नसलेल्या माणसांकडे पाहणे

१ शमुवेल २५ मध्ये तीन हजार मेंढरांचा धनी नाबाल हा दाविदाच्या माणसांचा अपमान करतो, आणि दावीद चारशे माणसे घेऊन त्याचे घर बुडवायला निघतो. नाबालाची पत्नी अबीगईल दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच रांधलेली मेंढरे, हुरडा, मनुका आणि अंजिरांच्या ढेपा गाढवांवर लादून वाटेत त्याला गाठते आणि आपल्या बोलण्याने रक्तपात टाळते. तिच्या शहाणपणाची वाखाणणी सर्वत्र होते आणि ती योग्यच आहे. परंतु तिला धोक्याची खबर कोणी दिली? एका गड्याने. आमचा मालक इतका हेकेखोर आहे की त्याच्याशी बोलायची सोय नाही, असे तो मालकिणीला तोंडावर सांगतो. त्याचे नाव ग्रंथात नाही. सालगड्याने एवढे बोलणे म्हणजे काय, हे ज्यांनी साल घातले आहे त्यांना माहीत आहे. आणि ते ऐकून घेऊन त्यावर तत्काळ हालचाल करणे ही अबीगईलीची पहिली थोरवी होय.

आठवी पायरी : एका आठवड्यात करता येईल असे काम ठरवणे

वाचनाच्या शेवटी “प्रामाणिक राहावे”, “क्षमाशील असावे” अशी वाक्ये वहीत लिहिली तर ती तेथेच राहतात. जक्कय हा यरीहोतील मुख्य जकातदार होता. लूक १९ मध्ये तो येशूसमोर उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल करतो. हा आकडा त्याने हवेतून काढलेला नाही. चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरे द्यावीत असा नियम निर्गम २२ मध्ये आहे, आणि नाथानाचा दृष्टांत ऐकून दावीदही चौपटच भरपाई सांगतो. पश्चात्तापाला येथे रक्कम आहे आणि ती ज्याची होती त्याच्याकडे परत जाते. तेव्हा वाचकानेही ठरवावे ते असेच ठोस असावे: कोणाची थकलेली मजुरी या शनिवारी द्यायची, कोणत्या भावाला फोन करायचा, कोणाविषयी पसरवलेली गोष्ट कोणासमोर मागे घ्यायची. एका कथेमागे एकच काम पुरे, आणि ते झाले की नाही याची नोंद पुढच्या वाचनाआधी करावी.

नववी पायरी : चारचौघांत वाचणे

एकट्याने वाचताना आपण नेहमी नायकाच्या जागी उभे राहतो. चारचौघांत वाचले की कोणी रूथच्या जागी असते, कोणी मुकादमाच्या, कोणी नामीची दुसरी सून अर्पा हिच्या, जी सासूचे ऐकून माहेरी परतली आणि जिला ग्रंथ एका शब्दानेही दोष देत नाही. मंडळीतील महिलांची सभा, तरुणांचा गट, संध्याकाळची घरगुती प्रार्थना, जेथे जमेल तेथे बसावे. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. गटातील कोणाच्या घरच्या भांडणावर बोट ठेवण्यासाठी कथा वापरू नये, आणि पाळकसाहेब किंवा शिक्षक उपस्थित असतील तर त्यांनी सर्वांत शेवटी बोलावे. त्यांनी आधी बोध सांगितला की मावशी गप्प बसतात. अन्य धर्माचे शेजारी आले तर त्यांना प्रश्न विचारू द्यावेत, कारण कथा प्रथमच ऐकणाऱ्याला जे खटकते ते आपल्याला सवयीमुळे खटकेनासे झालेले असते.

कोणत्या क्रमाने सुरुवात करावी

पहिल्या महिन्यात रूथ घ्यावी. चारच अध्याय आहेत आणि प्रत्येक आठवड्याला एक पुरतो. दुसऱ्या महिन्यात योना, तेही चार अध्याय; शेवटचा अध्याय मात्र गाळू नये, कारण शत्रूच्या शहराला क्षमा मिळाली म्हणून रुसलेल्या योनाला देव जो प्रश्न विचारतो त्यावरच ते पुस्तक संपते आणि योनाचे उत्तर दिलेलेच नाही. त्यानंतर योसेफ आणि मग पेत्र. दाविदाची हकिकत १ शमुवेलच्या १६व्या अध्यायापासून १ राजेच्या २ऱ्या अध्यायापर्यंत पसरलेली आहे. तिच्यात खून आहे, बलात्कार आहे, बापाविरुद्ध मुलाचे बंड आहे, म्हणून ती वर्षअखेरीस, गटातील माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागल्यावर घ्यावी. लहान मुलांसमोर ती निवडूनच सांगावी. पण निवडताना नाथानाचा प्रसंग वगळून केवळ गल्याथाचा ठेवू नये.